स्वतंत्र मजूर पक्ष : सहा वर्षांच्या आयुष्याचा हिशेब

नवा पक्ष म्हणजे काय, याविषयी महाराष्ट्राच्या कल्पना गेल्या काही वर्षांत फारच सोप्या झाल्या आहेत. २०२२ मध्ये एक पक्ष दुभंगला, २०२३ मध्ये दुसरा. दोन्ही वेळा वाद झाला तो नाव कोणाचे, चिन्ह कोणाचे आणि आमदार किती यांवर. निवाडा निवडणूक आयोगाच्या कचेरीत झाला. कार्यक्रमावर कोणाचे दुमत आहे असे या साऱ्या काळात कोणाच्याही तोंडून ऐकू आले नाही. दुमत होण्याइतका कार्यक्रम शिल्लक होता की नाही, हाच प्रश्न आहे. अशा दिवसांत याच महाराष्ट्रात एकेकाळी अगदी वेगळ्या रीतीने जन्मलेल्या एका पक्षाचा हिशेब मांडणे अप्रस्तुत ठरू नये. त्या पक्षाला ना वारशाने आलेले नाव होते ना तयार चिन्ह. तो जेमतेम सहा वर्षे जगला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ऑगस्ट १९३६ मध्ये स्थापन केलेला तो स्वतंत्र मजूर पक्ष.

या पक्षाविषयी दोन सोयीस्कर समजुती रूढ आहेत. एक अशी की, तो मुळात एका जातीचाच पक्ष होता, अंगावर फक्त मजुरांचा अंगरखा होता. दुसरी अशी की, तो शुद्ध वर्गीय पक्ष होता आणि पुढे आंबेडकरांनी वर्ग सोडून जात पत्करली. पहिली समजूत काँग्रेसवाल्यांना सोयीची होती, दुसरी डाव्यांना. कागदपत्रांकडे आणि त्याहूनही अधिक कोकणातल्या भातखाचरांकडे पाहिले, तर दोन्ही टिकत नाहीत.

१९३५ च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता मिळणार हे नक्की झाले होते. १९३२ च्या पुणे करारानुसार मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी १५ जागा अस्पृश्य वर्गांसाठी राखीव होत्या. केवळ या पंधरा जागांचा विचार करणारा पुढारी असता तर त्याने एखादा 'अस्पृश्य संघ' काढला असता आणि काम भागले असते. आंबेडकरांनी नाव घेतले मजुराचे. अस्पृश्य वर्ग हा मजूर वर्गातच मोडतो, मग मजूर हा व्यापक शब्द का घेऊ नये, असा त्यांचा खुलासा होता. तो शब्दच्छल नव्हता, हे पक्षाच्या जाहीरनाम्यावरून दिसते. आवश्यक तेथे उद्योगधंद्यांवर सरकारी मालकी वा व्यवस्थापन असावे. शेतकऱ्यांसाठी तारण बँका, सहकारी पतपेढ्या व विक्री संस्था निघाव्यात. कारखान्यांतील नेमणूक, बडतर्फी व बढती यांवर कायद्याचे नियंत्रण असावे. कामाच्या तासांना मर्यादा, पुरेसे वेतन, भरपगारी रजा आणि स्वस्त घरे मिळावीत. धंदेशिक्षणाची सोय व्हावी. १९३६ साली मुंबई इलाख्यात याहून तपशीलवार आर्थिक कार्यक्रम घेऊन मतदारांपुढे जाणारा पक्ष सापडणे कठीण होते.

या कार्यक्रमामागे अठरा वर्षांचे चिंतन होते. १९१८ मध्ये आंबेडकरांनी भारतातील लहान धारणक्षेत्रांवर एक निबंध लिहिला होता. जमिनीचे तुकडे झाले म्हणून शेती तोट्यात जाते, हे तेव्हाचे सर्वमान्य निदान त्यांनी उलटे केले. शेतीवर खपणारे हात गरजेपेक्षा अधिक आहेत, त्यांना दुसरीकडे काम नाही, म्हणून तुकडे होतात. तेव्हा इलाज तुकडेजोडीत नसून औद्योगिकीकरणात आहे, असे त्यांचे म्हणणे. पुढे 'छुपी बेकारी' या नावाने अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत जे आले, त्याचा गाभा या निबंधात आहे. शेतीचा प्रश्न व कारखान्याचा प्रश्न हे एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत, ही दृष्टी तेथून आली, आणि स्वतंत्र मजूर पक्षाची खरी ताकदही तिच्यातच होती.

फेब्रुवारी १९३७ च्या निवडणुकीत या सहा महिन्यांच्या पक्षाने उभे केलेल्या सतरा उमेदवारांपैकी दोन-तीन वगळता सारे निवडून आले. खुद्द आंबेडकरांनी मुंबईत काँग्रेसचे उमेदवार, नामांकित क्रिकेटपटू बाळू पालवणकर यांचा पराभव केला. नाशकातून भाऊराव तथा दादासाहेब गायकवाड आले. राखीव जागांबरोबर काही सर्वसाधारण जागाही पक्षाने जिंकल्या आणि अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस, श्यामराव परुळेकर ही अस्पृश्येतर मंडळी पक्षाच्या नावावर विधानसभेत बसली. काँग्रेसला ८६ जागा मिळाल्या होत्या. बहुमताला थोड्या कमी, पण सर्वांत मोठा पक्ष तोच.

या यशात निवडणूक पद्धतीचा वाटा होता, हे लपवण्याचे कारण नाही. मुंबई इलाख्यात एकाहून अधिक जागांचे मतदारसंघ होते आणि मतदाराला आपली सर्व मते एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकण्याची मुभा होती. शिस्तीने मतदान करणाऱ्या अल्पसंख्य समूहाला या पद्धतीत किंमत येते. पण पद्धत कितीही अनुकूल असली, तरी शिस्त काही पद्धतीतून निर्माण होत नाही. ती महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहापासून, समता सैनिक दलातून, 'जनता' पत्राच्या अंकांतून, नाशिकच्या मंदिराबाहेर सोसलेल्या लाठ्यांतून दहा वर्षे घडत आली होती. पक्ष सहा महिन्यांचा होता. त्याचे कार्यकर्ते सहा महिन्यांचे नव्हते.

निवडणुका जिंकणारे पक्ष बरेच असतात. त्यानंतरच्या वीस महिन्यांत हा पक्ष काय करून गेला, ते अधिक मोलाचे आहे.

सप्टेंबर १९३७ मध्ये पुण्याच्या अधिवेशनात आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. रत्नागिरी, कुलाबा आणि ठाण्याच्या काही भागांत सरकार व कूळ यांच्यामध्ये खोत उभा असे. सरकारचा सारा वसूल करून भरणे एवढे त्याचे मूळ काम. पण त्या कामाच्या आडोशाने तो गावाचा धनी झाला होता. भाताच्या पिकाचा निम्म्यापर्यंत वाटा, शिवाय वेठ, नांगर, गवत, शाकारणी, सणासुदीची भेट. खोतांत ब्राह्मण होते, प्रभू होते, मराठे होते, मुसलमानही होते. आणि कुळांत कुणबी होते, आगरी होते, भंडारी होते, महार होते. खोतीच्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. कुणबी महाराच्या हातचे पाणी पीत नव्हता, पण खोताच्या खळ्यावर दोघांच्याही भाताचे माप एकच मापारी करीत होता.

आता याला मुंबईची बाजू जोडून पाहावी. गिरणगावात रत्नागिरीकरांची संख्या मोठी. गिरणीतला कामगार मनिऑर्डर धाडी, त्यातला काही भाग खोताचे देणे भागवण्यात जाई. म्हणजे गिरणीच्या मजुरीतून खोताचा खंड भरला जात होता. उलट, गावची खाचरे घरच्यांना चार-सहा महिने भात पुरवीत, म्हणून मालकाला कुटुंब पोसण्याइतकी मजुरी द्यावी लागत नव्हती. म्हणजे गिरणीमालकाचा नफा काही अंशी कोकणातल्या बायकांच्या श्रमावर उभा होता. खोत आणि गिरणीमालक यांची एकमेकांशी ओळख नव्हती, पण दोघांच्या हिशेबाच्या वह्या एकाच घरातून भरत होत्या. ज्या पक्षाला हे घर सापडले त्याला खेड्यात एक व शहरात दुसरे असे दोन कार्यक्रम लिहावे लागले नाहीत. इतर डाव्या पक्षांनी कामगार आघाडी आणि किसान आघाडी असे वेगवेगळे कप्पे केले, आणि ते पुढे कप्पेच राहिले.

कुलाबा जिल्ह्यात चरी व आसपासच्या गावांत नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून कुळांनी जमीन न कसण्याचा संप चालवला होता. तो सहा वर्षे टिकला. जंगलातली लाकडे विकून, करवंदे विकून माणसांनी दिवस काढले, पण खाचरात नांगर घातला नाही. आंबेडकर १९३४ मध्येच चरीला जाऊन आले होते. त्या लढ्याचा आवाज विधेयकाच्या रूपाने विधानसभेत आला आणि जानेवारी १९३८ मध्ये तो रस्त्यावरही उतरला. कोकणातून बोटींनी व पायी आलेले हजारो शेतकरी मुंबईत विधानसभेवर चालून गेले. कुणबी आणि महार एका मोर्चात, एका घोषणेखाली. बरोबर इंदुलाल याज्ञिक होते, परुळेकर होते, कम्युनिस्ट पुढारी होते. बाळासाहेब खेर यांनी शिष्टमंडळाची भेट घेतली, आस्थेने ऐकून घेतले. विधेयक मात्र पुढे सरकले नाही. काँग्रेस मंत्रिमंडळाने त्याऐवजी १९३९ चा कूळकायदा केला, तोही संरक्षित कुळांना थोडा आधार देण्यापुरता.

महारवतनाच्या विधेयकाची गतही निराळी झाली नाही. १९२८ पासून आंबेडकर त्याच्या मागे होते. वतनाच्या तुटपुंज्या जमिनीवर आणि बलुत्यावर महाराला चोवीस तास सरकारचा व गावाचा चाकर बांधून ठेवले होते. जमिनीवर पूर्ण सारा घ्या आणि माणसाला मोकळे करा, अशी त्यांची साधी मागणी. सरकारी तिजोरीला यातून तोटा नव्हता, उलट सारा वाढला असता. तरीही ती नामंजूर होत राहिली, कारण फुकट मिळणारा चाकर कोणत्याही अंदाजपत्रकात खर्ची पडत नाही, आणि म्हणून त्याची खरी किंमत कोणाला मोजून दाखवताही येत नाही.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत आंबेडकरांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात नव्हे, समता, स्वातंत्र्य व बंधुता यांचा अभाव, हेही त्यांनी तेथेच स्पष्ट केले. कम्युनिस्टांना पहिला शत्रू दिसत नव्हता. याचा पुरावा गिरण्यांत होता. विणकाम खात्यात मजुरी जास्त. पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून स्पृश्य विणकर अस्पृश्याला त्या खात्यात येऊ देत नसत. १९२८ च्या संपात आंबेडकरांनी हा प्रश्न काढला, तेव्हा युनियनच्या पुढाऱ्यांना ते ऐक्यात विघ्न वाटले. कामगारांच्या ऐक्याची किंमत एका थरातल्या कामगाराने निमूटपणे मोजावी, अशी ती अपेक्षा होती.

असे असूनही नोव्हेंबर १९३८ मध्ये हा पक्ष कम्युनिस्टांबरोबर उभा राहिला, ही गोष्ट त्याच्या राजकीय प्रौढत्वाची साक्ष देते. खेर मंत्रिमंडळाने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले होते. संपापूर्वी सक्तीची नोटीस, सक्तीची समेटप्रक्रिया, आणि ती पुरी होण्याआधी संप केल्यास तुरुंग. कामगार खात्याची संसदीय चिटणिशी गुलझारीलाल नंदांकडे होती आणि विधेयकावर अहमदाबादच्या मजूर महाजनाची छाप होती. आंबेडकरांनी सभागृहात केलेला युक्तिवाद आजही वाचण्यासारखा आहे. काम सोडून जाणे हा फार तर कराराचा भंग ठरेल, गुन्हा नव्हे. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामावर ठेवण्यासाठी शिक्षेची धमकी देणे म्हणजे गुलामगिरी. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव, असा त्याचा आशय. ७ नोव्हेंबरला मुंबईत एक दिवसाचा संप झाला. लाल बावटा आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे स्वयंसेवक बरोबरीने फिरले. पोलिसांनी गोळीबारही केला. विधेयक मंजूर झाले ते झालेच.

त्याचे पुढे काय झाले, हे कामगार क्षेत्रातल्या कार्यकर्त्यांना तरी सांगायला नको. १९३८ च्या कायद्याच्या पायावर १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला. त्यातील 'प्रातिनिधिक संघटने'च्या तरतुदीमुळे जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपात जवळजवळ सारा कामगार एका बाजूला आणि बोलणी करण्याचा कायदेशीर अधिकार दुसऱ्या बाजूला, असे विपरीत चित्र उभे राहिले. १९३८ मध्ये सभागृहात जे अल्पमतात पडले, त्याचा हिशेब गिरणगावाने चव्वेचाळीस वर्षांनी चुकता केला.

पक्षाच्या उणिवाही मोठ्या होत्या. महारांबाहेर अस्पृश्यांतही तो फारसा पोचला नाही; चांभार समाजातील पुढारी बहुतांशी काँग्रेसबरोबर राहिले, मातंग समाज दूरच राहिला. इलाख्याच्या गुजराती व कानडी भागांत त्याचे अस्तित्व नावापुरते होते. गिरण्यांत त्याची स्वतःची भक्कम युनियन उभी राहिली नाही. नगरपालिकेच्या कामगारांत जे जमले ते कापड गिरण्यांत जमले नाही. १९३८ च्या मोर्चाला आलेला कुणबी गावी परतला, पण त्याला पक्षात बांधून ठेवणारी शाखा तेथे नव्हती. पैशाची चणचण कायमची, आणि सारा भार एका माणसाच्या खांद्यावर. विधेयकाचा मसुदा त्यांनी लिहावा, सभेला त्यांनी जावे, पत्राचा अग्रलेख त्यांनी पाहावा.

तरीही पक्ष मेला तो या उणिवांनी नव्हे. नोव्हेंबर १९३९ मध्ये युद्धाच्या प्रश्नावर काँग्रेस मंत्रिमंडळे बाहेर पडली, विधानसभा निष्क्रिय झाली आणि विधेयकांच्या आधाराने वाढणाऱ्या पक्षाचे मैदानच गेले. मार्च १९४२ मध्ये क्रिप्स आले. त्यांच्या योजनेत हिंदुस्थान म्हणजे काँग्रेस, मुस्लिम लीग, संस्थानिक आणि काही जमाती. सत्तांतराच्या टेबलाभोवती ज्या खुर्च्या मांडल्या होत्या त्यांत मजुराची खुर्ची नव्हती. प्रांतातल्या मजुरांचा पक्ष म्हणून बोलणाऱ्याला तेथे कोणी विचारणार नव्हते. अखिल भारतातील अस्पृश्यांचा प्रतिनिधी म्हणून बोलणाऱ्याला कदाचित विचारले असते. जुलै १९४२ मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले आणि स्वतंत्र मजूर पक्ष संपला. वर्ग सोडून जात पत्करली, या आरोपातले सत्य एवढेच की, निवडीला जागा ठेवली नव्हती. आणि आर्थिक विचार म्हणाल तर आंबेडकरांनी तो सोडला नाही. १९४७ मध्ये घटनेसाठी केलेल्या निवेदनात त्यांनी शेती व मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, आणि तेही घटनेतच लिहावे, अशी मागणी केली. १९३६ च्या जाहीरनाम्यापेक्षा ती कितीतरी पुढची होती.

येथे समाजवाद्यांविषयीही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. काँग्रेस समाजवादी पक्ष १९३४ मध्ये स्थापन झाला होता. खोतीविरुद्ध कोकणात कुळे उठत होती आणि औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध मुंबईत कामगार उठत होते, त्या काळात समाजवादी काँग्रेसमध्ये होते. ज्या मंत्रिमंडळाने दोन्ही ठिकाणी कच खाल्ली वा बडगा उगारला ते त्याच काँग्रेसचे होते. स्वातंत्र्यलढ्याचे ऐक्य मोडू नये, ही त्यामागची निष्ठा प्रामाणिक होती, यात शंका नाही. पण तिची किंमत ज्याने मोजली तो कोकणातला कूळ होता. समाजवादी काँग्रेसबाहेर पडले ते मार्च १९४८ मध्ये नाशिकला; तोवर स्वतंत्र मजूर पक्षाला जाऊन सहा वर्षे होत आली होती. १९५२ च्या निवडणुकीत फेडरेशन व समाजवादी पक्ष एकत्र आले, आंबेडकर आणि अशोक मेहता उत्तर मुंबईच्या एकाच दुहेरी मतदारसंघातून उभे राहिले. त्याच मतदारसंघात कॉम्रेड डांगेही उभे होते. आंबेडकर, मेहता, डांगे, तिघेही पडले आणि काँग्रेसचे दोघे निवडून आले. १९३८ मध्ये सात नोव्हेंबरला एका व्यासपीठावर जमलेली शक्ती चौदा वर्षांनी तीन उमेदवारांत वाटली गेली होती. १९५६ मध्ये राममनोहर लोहिया व आंबेडकर यांच्यात पत्रव्यवहार सुरू होता, भेटीचे ठरत होते. ६ डिसेंबरला आंबेडकर गेले.

पक्षाची माणसे निरनिराळ्या वाटांनी गेली. परुळेकर कम्युनिस्ट झाले आणि १९४५ मध्ये गोदावरीबाईंबरोबर वारल्यांच्या उठावाचे नेते म्हणून पुढे आले. दादासाहेब गायकवाडांनी १९६४-६५ मध्ये भूमिहीनांच्या सत्याग्रहात हजारो माणसे तुरुंगात नेली. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, ही मागणी १९३६ च्या कार्यक्रमाच्या कुळीतलीच. कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने गेली, म्हणजे पहिल्या विधेयकानंतर तीस वर्षांनी. खोती १९४९ मध्ये रद्द झाली. तेव्हाही मुख्यमंत्री खेरच होते आणि कायदा झाला तो काँग्रेसच्या बहुमताने. जे विधेयक मांडून बारा वर्षे झाली होती त्याचा पक्ष त्या सभागृहात उरला नव्हता.